हाडात बसवलेल्या धातूचा कागद रुग्णाच्या हातात द्या
पुण्यातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना आणि नर्सिंग होमची नोंदणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी डॉक्टर नाही. भोसरीच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं काम करून २०१९ साली निवृत्त झालो. धातू कापायचा, आटे पाडायचे, मापं घ्यायची आणि कशाला कोणतं मटेरियल लागतं ते पाहायचं, एवढंच मला येतं. हे पत्र माझ्या पत्नीच्या उजव्या पायाबद्दल आहे. त्या पायात नऊ वर्षं एक प्लेट आणि अकरा स्क्रू होते, आणि ते कोणी बनवले, कशाचे बनवले, हे आम्हाला शेवटपर्यंत कुणी सांगू शकलं नाही. हॉस्पिटलचं किंवा कुणा डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. मला कुणाशी भांडायचं नाही. जे तिच्या बाबतीत झालं ते या शहरात आजही रोज होत असणार, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

ऑगस्ट २०१५ मध्ये सिंहगड रस्त्यावर भर पावसात तिची स्कूटर घसरली. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं, आणि एक भेग थेट सांध्यापर्यंत उतरली होती. जवळच्या एका लहान हॉस्पिटलात त्याच रात्री दाखल केलं, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. त्या डॉक्टरांचे उपकार मी आजही मानतो. हाड त्यांनी चोख जुळवलं. चार महिन्यांनी ती काठी न घेता चालू लागली, पुढची पाच-सहा वर्षं दोन जिने चढून घरी येत होती. डिस्चार्ज कार्डावर मात्र ऑपरेशनबद्दल एकच ओळ होती: ‘राइट फीमर, प्लेटिंग डन’. बिलात ‘इम्प्लांट चार्जेस’ आणि समोर रक्कम. तेव्हा मलाही काही विचारायचं सुचलं नाही. बायको वॉर्डात कण्हत असताना प्लेटचा लॉट नंबर विचारणारा नवरा मी तरी पाहिलेला नाही.

२०२१ पासून तिचा गुडघा दुखायला लागला. भेग सांध्यात गेली होती, त्यामुळे पुढे झीज होणार हे आधीच सांगितलेलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये दुसऱ्या एका डॉक्टरांनी सांगितलं की आता गुडघा बदलावा लागेल, पण त्याआधी प्लेट काढावी लागेल, कारण नवा सांधा बसवायची जागा तिने अडवली आहे. एक्स-रे दिव्यावर लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला: “प्लेट कुठल्या कंपनीची आहे? स्टिकर असेल ना फाइलमध्ये?”

हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला लगेच समजलं, पण सगळ्या वाचकांना समजेल असं नाही, म्हणून सांगतो. हल्लीच्या लॉकिंग प्लेटमध्ये स्क्रूच्या दांड्याला आटे असतात तसे त्याच्या डोक्यालाही असतात, आणि प्लेटच्या भोकातही त्याच मापाचे आटे असतात. स्क्रू आवळला की तो हाडाला धरतो तसा प्लेटलाही धरतो, सगळं मिळून एक चौकट तयार होते. ठिसूळ हाडाला याचा फार फायदा होतो. पण हे आटे एकाच ड्रॉइंगवरून पाडलेले हवेत. डोक्यावरची खाच कुणाची षटकोनी असते, कुणाची चांदणीच्या आकाराची, आणि प्रत्येकीला आपापला ड्रायव्हर लागतो. त्यातही टायटॅनियमचा एक स्वभाव आहे: आवळताना जोर जास्त झाला किंवा आटा तिरका बसला, तर धातू धातूला चिकटतो. आमच्या भाषेत हे गॉलिंग. म्हणूनच लॉकिंग स्क्रू बसवताना ठरावीक जोराला थांबणारा टॉर्क ड्रायव्हर वापरतात. आत काय आहे हे माहीत असेल तर डॉक्टर नेमका सेट मागवून ठेवतात. माहीत नसेल तर अंधारात हात घालायचा.

मी जुन्या हॉस्पिटलात गेलो. ते २०२० मध्ये दुसऱ्यांनी चालवायला घेतलं होतं. काउंटरवरच्या मुलीने नीट ऐकून घेतलं, आत जाऊन विचारून आली आणि म्हणाली, “काका, तीन वर्षांपूर्वीच्या फाइली ठेवत नाही, आणि त्या तर आधीच्या सरांच्या होत्या.” आधीचे डॉक्टर आता पुण्यात नाहीत. त्यांना फोन लागला, त्यांनी आपुलकीने चौकशी केली, आठवेल ते सांगितलं. त्या वेळी तीन सप्लायर त्यांच्याकडे सेट पाठवत असत, त्यातला कुठला ते आता सांगता येणार नाही. एका सरकारी कार्यालयातही जाऊन आलो. तिथे ऐकायला मिळालं की हा विषय त्यांच्याकडे येत नाही. कुणाकडे येतो, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

एप्रिल २०२४ मध्ये प्लेट काढायचं ऑपरेशन झालं. दीड तासाचा अंदाज होता, लागले चार तास. आठ स्क्रू सरळ निघाले. उरलेल्या तिघांना ३.५ मिलिमीटरचा ड्रायव्हर सैल बसत होता, ४ चा आत जात नव्हता. खाच फिरून गोल झाली. मग उलट्या आट्याचा कोनिकल एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे अडकलेला स्क्रू पकडून उलटा फिरवायचं निमुळतं हत्यार, तोही दोघांवरच चालला. शेवटच्या स्क्रूचं डोकं कार्बाइडच्या ड्रिलने कापावं लागलं. ड्रिलखाली एक सिस्टर सारखं सलाइन सोडत होती, कारण धातूचा कीस मांसात पसरतो आणि उष्णतेने हाड भाजतं. मधेच कमरेतल्या इंजेक्शनचा असर उतरू लागला, म्हणून पूर्ण भूल द्यावी लागली. त्या स्क्रूचा दांडा हाडातच राहिला. तो काढायला आणखी हाड पोखरावं लागलं असतं, तेव्हा डॉक्टरांनी तो ठेवला, आणि त्यांचा निर्णय मला पटला. जखम चार तास उघडी राहिल्याने जंतुसंसर्गाची जी भीती होती, तिच्यापायी पुढचे दोन आठवडे आम्ही रोज ताप मोजत काढले. संसर्ग झाला नाही, हे आमचं नशीब.

काढलेली प्लेट आणि स्क्रू मी मागून घेतले. प्लास्टिकच्या बरणीत धुऊन दिले. घरी आल्यावर कारखान्यातलं भिंग काढलं. प्लेटवर लेझरने कोरलेली अक्षरं अर्धी पुसली होती, शेवटचे दोन आकडे तेवढे वाचता आले. आठ स्क्रू सोनेरी झाक असलेले, चांदणीच्या खाचेचे. दोन पांढरे चकचकीत, षटकोनी. डोक्याला आटे सगळ्यांना, म्हणजे सगळे लॉकिंगचेच. रंगावरून शंका आली, तरी रंगावर विश्वास ठेवायचा नाही हे मी कामात शिकलो आहे. ओळखीच्या सोनाराकडे जाऊन त्याच्या काट्यावर प्लेट आणि स्क्रू आधी हवेत तोलले, मग दोऱ्याने पाण्यात सोडून तोलले. प्लेटची घनता पाण्याच्या ४.४ पटीच्या आसपास आली, सोनेरी स्क्रूंचीही तीच. हे टायटॅनियमचं मिश्रण. पांढरे दोन स्क्रू ८ च्या जवळ. ते स्टील. प्लेट एका धातूची, तीन स्क्रू दुसऱ्या धातूचे. कापलेला तिसरा त्यांच्याच जोडीचा होता, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं.

दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना घासत ठेवू नयेत, गंज लागू शकतो, हे आमच्याकडे शिकाऊ मुलालाही पहिल्या महिन्यात सांगतात. शरीरात याने दर वेळी अपाय होतोच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. कदाचित त्या रात्री हव्या त्या लांबीचा स्क्रू सेटमध्ये नसेल आणि दुसऱ्या सेटमधून घेतला असेल. रुग्ण टेबलवर असताना असे निर्णय घ्यावे लागत असतील. पण काय घातलं ते लिहून ठेवायला हवं होतं. ‘तीन स्क्रू स्टीलचे, षटकोनी खाच’ एवढी एक ओळ २०१५ च्या कार्डावर असती, तर २०२४ मध्ये योग्य हत्यारं आधीच टेबलवर आली असती.

आता याच पायाची दुसरी बाजू ऐका. जुलै २०२४ मध्ये गुडघा बदलला. डिस्चार्जच्या वेळी फाइलमध्ये एक स्वतंत्र पान होतं, त्यावर ओळीने स्टिकर चिकटवलेले: मांडीकडचा कोबाल्ट-क्रोमियमचा भाग, नडगीकडचा भाग, मधली पॉलिएथिलिनची चकती, आणि हाडाच्या सिमेंटचं पाकीट. प्रत्येकावर कंपनी, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर, माप, मुदत. बिलातही तीच नावं. मी ते पान हातात धरून बराच वेळ बसलो होतो. ३१ वर्षं मी असेच कागद पाहिले. आमच्याकडे ४० रुपयांच्या बोल्टलाही हीट नंबर, म्हणजे धातूच्या कुठल्या ओतीतला तो आहे त्याचा क्रमांक, असे आणि त्याचं टेस्ट सर्टिफिकेट कपाटात असे.

गुडघ्याला हा मान मिळाला, कारण राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा ५४,७२० रुपये ठरले, जीएसटी वेगळा. त्याच आदेशात असंही होतं की हॉस्पिटलने बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवावी आणि ब्रँड, उत्पादक, बॅच नंबर, वैशिष्ट्यं लिहावीत. आदेश किमतीसाठी निघाला, पण त्याने रुग्णाच्या हातात कागद आला. हा आदेश होता फक्त गुडघ्यासाठी. मांडीच्या प्लेटला, नडगीतल्या रॉडला, मनगटातल्या स्क्रूला असं काही लागू झालं नाही. एकाच बाईचा एकच पाय. गुडघ्याच्या ठिकाणी लिहायचा नियम आहे, त्याच्या चार बोटं वर नाही.

आणि पुण्यात कुणाच्या अंगात धातू आहे ते पाहा. सांधा बदलायला माणूस महिनाभर विचार करतो, दोन डॉक्टरांना दाखवतो, मुलाला नेटवर शोधायला लावतो. प्लेट आणि रॉड बसतात ते रस्त्यावर पडलेल्यांना, बहुतेक दुचाकीवाल्यांना, रात्री-अपरात्री, जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे. पंचविशीतल्या मुलाच्या नडगीत घातलेला रॉड त्याच्या सत्तरीपर्यंत तिथेच असू शकतो. ज्याला निवडायला सवड नाही आणि ज्याच्या शरीरात धातू सर्वांत जास्त काळ राहणार, त्याच्याकडेच कागद नाही. माझी पहिली आणि मुख्य तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार रेकॉर्डच्या मुदतीची. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची, आणि मागितल्यावर ७२ तासांच्या आत द्यायची. ७२ तासांची तरतूद चांगली आहे. पण तीन वर्षं ही मुदत टायफॉइडच्या रुग्णाला पुरते, प्लेटवाल्याला नाही. प्लेट काढायची वेळ, तिच्यापाशी पुन्हा हाड मोडण्याची वेळ, शेजारचा सांधा झिजण्याची वेळ बहुतेकदा त्यानंतरच येते. नियमाने फाइल टाकून द्यायला सांगितलेलं नाही. तीन वर्षं ही किमान मुदत आहे. तिला कमाल कुणी केलं?

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. मेडिक्लेम असेल तर विमा कंपनी क्लेमसोबत इम्प्लांटचं स्टिकर आणि इन्व्हॉइस मागते, आणि ते दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. तिथे हॉस्पिटलं ते बिनतक्रार जोडतात. म्हणजे स्टिकर असतं, जपलंही जातं आणि पोस्टाने जातं. ज्याच्या हाडात वस्तू गेली त्याला सोडून ते ज्याचे पैसे जाणार त्याला मिळतं. आमचा २०१५ मध्ये विमा नव्हता, रोखीने भरलं. म्हणून कुणाला कागद लागलाच नाही.

चौथी तक्रार सप्लायरच्या सेटबद्दल. सांध्याचे भाग सीलबंद, निर्जंतुक डब्यात येतात, त्यामुळे स्टिकर सोबतच येतं. मोडलेल्या हाडांच्या प्लेट आणि स्क्रू मात्र बऱ्याचदा स्टीलच्या ट्रेमध्ये सुटे येतात. ट्रे ऑटोक्लेव्ह होतो, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक होतो, लागेल तेवढं वापरलं जातं, उरलेलं परत जातं, रिकाम्या जागी नवे स्क्रू भरले जातात आणि ट्रे दुसऱ्या हॉस्पिटलात निघतो. ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणत नाही. तिच्यामुळेच लहान हॉस्पिटलातही रात्री अकरा वाजता हवी ती लांबी मिळते. पण सुट्या मालाचं चलन असतं, इन्व्हॉइस असतं, प्लेटवर लॉट नंबर कोरलेला असतो. वापरलेल्या मालाची यादी सप्लायरचा मुलगा ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, बसून लिहीतच असतो, कारण त्याला बिल करायचं असतं. त्या यादीची एक प्रत फाइलला लावली की झालं.

हे नुसतं स्क्रू काढण्यापुरतं नाही. कृत्रिम खुब्याच्या एका सांध्याचं प्रकरण आपल्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. डीप्यू कंपनीचा एएसआर सांधा, धातूच्या वाटीत धातूचाच गोळा. घासून कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरत होतं, आजूबाजूचं मांस खराब होत होतं. ऑस्ट्रेलियाच्या सांधे-नोंदवहीत, म्हणजे कुणाला कुठला सांधा बसवला आणि तो किती टिकला याच्या देशभराच्या नोंदीत, हा सांधा इतरांपेक्षा लवकर बदलावा लागतो हे आधीच दिसू लागलं होतं. इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून पाच वर्षांत १२ ते १३ टक्के सांधे काढावे लागल्याचा आकडा आला आणि ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो सांधा मागे घेतला. भारतात या सांध्याच्या सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारने नेमलेल्या तज्ज्ञ समितीपुढे जे आलं ते वाचून मी हादरलो: त्यातल्या साडेतीन हजारांच्या आसपास रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. कारखान्यातून एखादा लॉट सदोष गेल्याचं कळलं की आम्ही त्याच दिवशी कुठल्या गिऱ्हाइकाकडे किती नग गेले ते काढत असू. इथे सदोष नग कुठे आहे हे माहीत होतं, माणसाच्या खुब्यात. तो माणूस कोण, हे माहीत नव्हतं.

ज्या इंग्रज सर्जनने आजच्या खुब्याच्या सांध्याचा पाया घातला, त्या जॉन चार्नली यांच्याबद्दल मी अलीकडे वाचलं. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. ती दोन-तीन वर्षांत झिजून गेली आणि तिच्या कणांनी शरीरात दाह निर्माण केला. त्यांनी ते लपवलं नाही. रुग्णांना परत बोलावून पुन्हा ऑपरेशनं केली. १९६२ पासून जास्त टिकाऊ पॉलिएथिलिन वापरलं, आणि आपल्या रुग्णांकडून कबुली घेतली की मृत्यूनंतर सांधा तपासायला परत मिळावा. कोणाच्या शरीरात काय आहे याची वही त्यांच्याकडे होती, म्हणूनच चूक सापडली आणि सुधारली. तुमच्या शास्त्राची ही परंपरा आहे. ती मी तुम्हाला शिकवत नाही, तिची आठवण देतो.

न्यायाने हेही सांगायला हवं की प्लेट-स्क्रूची ही उपेक्षा फक्त आपल्याकडे नाही. युरोपात २०१७ च्या नियमाने रुग्णाला इम्प्लांट कार्ड देणं बंधनकारक झालं, पण त्यातून प्लेट, स्क्रू, वायर, पिना वगळल्या. आपल्याकडे २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत प्रत्येक उपकरणावर स्वतंत्र ओळख क्रमांक १ जानेवारी २०२२ पासून यायचा होता, ती तारीख पुढे गेली. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादला. मी त्यांचा फॉर्म उतरवून घेतला. उत्पादक कोण, मॉडेल कोणतं, लॉट नंबर काय, असे रकाने त्यात आहेत. मी पेन घेऊन बसलो आणि तिन्ही रकान्यांपुढे थांबलो.

काही डॉक्टर वाचून म्हणतील की प्लेट तुटली किंवा स्क्रू अडकला की लोक लगेच धातूला आणि डॉक्टरला दोष देतात, कागद दिला तर कोर्टकचेऱ्या वाढतील. मी धातूचा माणूस आहे. हाड जुळलं नाही तर कितीही चांगली प्लेट थकून तुटते, पत्र्याची पट्टी दहा वेळा वाकवली की तुटते तशी. ते मटेरियलचं पाप नसतं. पण कागद असेल तरच डॉक्टरला हे दाखवून देता येईल. मूळ उत्पादकाचं चांगलं मटेरियल वापरणाऱ्या डॉक्टरला कागदाने संरक्षणच मिळतं.

‘रुग्ण कागद हरवतात’ हेही ऐकलं. हरवतात, खरं आहे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. ओटीच्या सिस्टरने स्टिकरच्या पानाचा फोटो काढून नातेवाइकाच्या व्हॉट्सअॅपवर टाकला तर एक मिनिट लागत नाही. ऑपरेशननंतरचा एक्स-रे तुम्ही तसा पाठवताच.

आता मागण्या. हाडात प्लेट, रॉड, स्क्रू किंवा सांधा बसवलेल्या प्रत्येक रुग्णाला, विमा असो वा नसो, डिस्चार्जच्या वेळी एक पान द्या: तारीख, बाजू, हाड, कंपनी, धातू, प्लेटची भोकं, स्क्रूंची संख्या आणि लांबी, खाचेचा आकार, लॉट नंबर. स्टिकर असेल तर चिकटवा, नसेल तर सप्लायरच्या यादीची प्रत जोडा. ज्या सेटसोबत लॉट नंबरची यादी येत नाही तो सेट घेऊ नका. शहरातल्या डॉक्टरांनी मिळून हे ठरवलंत तर सप्लायर महिन्याभरात सुधारतील, कारण गिऱ्हाईक तुम्हीच आहात. दोन कंपन्यांचा किंवा दोन धातूंचा माल एकत्र वापरावा लागला तर तसं स्पष्ट लिहा.

ही नोंद तीन वर्षांनी टाकू नका. निदान इम्प्लांटचं रजिस्टर वेगळं ठेवा आणि ते कायम ठेवा. हॉस्पिटल बंद होताना किंवा दुसऱ्याच्या हाती जाताना ते रजिस्टर सोबत सोपवा.

काढलेला धातू रुग्णाने मागितला तर द्या. तो कचऱ्यात टाकण्याआधी निदान एकदा विचारा. मोडलेला किंवा गंजलेला असेल तर राष्ट्रीय कार्यक्रमाकडे तुम्हीच कळवा. तो फॉर्म रुग्णाने एकट्याने भरण्यासारखा नाही.

ऑपरेशनआधी कोणता धातू वापरणार, का, आणि त्याची किंमत काय, हे मराठीत सांगा. माझ्या पत्नीने २०१५ मध्ये ज्या संमतिपत्रावर सही केली ते इंग्रजीत होतं. सही तिची आहे, पण वर काय लिहिलंय ते तिला आजही माहीत नाही.

नोंदणी पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना एकच मागणं. नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना अग्निशमनाचा दाखला, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार हे सगळं तुम्ही पाहता. त्याच फेरीत हाडांच्या ऑपरेशनची दहा डिस्चार्ज कार्डं मागवा आणि इम्प्लांटचं पान आहे का ते बघा. यासाठी नवा कायदा लागत नाही. एका परिपत्रकाने सुरुवात होईल.

भारतीय गुडघ्यासाठी ‘इंडस’ हा देशी सांधा याच शहरात डॉ. के. एच. संचेती यांनी घडवला. धातू, हाड आणि माणूस यांचा विचार एकत्र करणारे डॉक्टर इथे आहेत, मला त्यांच्यापैकी काही भेटले आहेत. पत्नीची प्लेट काढणारे डॉक्टर आता दर ऑपरेशननंतर स्क्रूच्या डोक्याचा जवळून फोटो काढून फाइलला लावतात. मी त्यांना तसं सुचवलं नव्हतं.

ती आता बरी आहे. सकाळी सोसायटीच्या आवारात तीन फेऱ्या मारते, जिना एकेक पायरी करून चढते. हाडात राहिलेल्या स्टीलच्या दांड्याचं मी स्वतःच एक कार्ड बनवलं आहे: ‘उजवी मांडी, स्क्रूचा तुकडा, स्टील, काट्यावर तोलून काढलेला अंदाज’. गेल्या महिन्यात पाठीच्या एमआरआयला गेलो तेव्हा तिथल्या मुलाने विचारलं, अंगात धातू आहे का, कुठला आहे, कागद आहे का. मी गुडघ्याचं स्टिकरचं पान दिलं आणि त्यासोबत माझं कार्ड दिलं. पान त्याने लगेच फाइलला लावलं. कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, “काका, यावर सही-शिक्का कुणाचा?” पाऊण तास थांबून, डॉक्टरांना फोन लावून, त्यांचं पत्र मोबाइलवर मागवून मग तपासणी झाली.

बरणी माझ्याकडे आहे. प्लेट, आठ सोनेरी स्क्रू, दोन पांढरे. तुमच्या संघटनेच्या बैठकीत किंवा नोंदणीच्या कार्यालयात कुणाला पाहायची असेल तर बोलवा, मी भिंग घेऊन येईन.

आपला,
एका रुग्णाचा नवरा, निवृत्त टूलरूम कामगार
धायरी, पुणे